झाडांची वतनवापसी

अमानत हा शब्द आपल्या घरांत अजून जिवंत आहे. कुणी हजला निघतो, कुणी आखातात नोकरीला जातो, तेव्हा घरातले दागिने, जमिनीचे कागद, कधी दारातली शेळीसुद्धा विश्वासाच्या माणसाकडे ठेवून जातो. ठेवून घेणाऱ्याचे काम दोन टप्प्यांचे असते. आधी वस्तू सांभाळायची आणि मग ती ज्याची त्याला परत करायची. सांभाळणारे पुष्कळ भेटतात. इमानाची परीक्षा होते ती परत करण्याच्या दिवशी.

या लेखात ज्या अमानतीची हकीकत सांगायची आहे, ती दागिन्यांची नाही, झाडांची आहे. हिंदी महासागरातल्या मॉरिशस आणि रॉड्रिग्ज या बेटांवर अशी झाडे होती, जी जगात दुसरीकडे कुठेच उगवत नव्हती. माणसाने ती तोडली, जाळली, त्यांच्यावर शेळ्या-ससे सोडले. काही कायमची संपली. काहींचे एकेकच झाड उरले. मग त्यांच्या फांद्या आणि बिया दूरच्या बागांत नेऊन जगवण्यात आल्या, आणि गेल्या काही दशकांत ती झाडे परत आपल्या मुलखात लावण्याची खटपट सुरू आहे. झाड उचलून नेणे सोपे आणि त्याला परत वसवणे किती कठीण, हे या इतिहासातून शिकायला मिळते.

बेट आणि बाहेरचे पाहुणे

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. त्याचे वय सुमारे ८० लाख वर्षे. ते कधीच कुठल्या खंडाला जोडलेले नव्हते. वाऱ्याने, समुद्राने आणि पाखरांनी जे बी आणले तेच तिथे रुजले आणि लाखो वर्षांत त्याची रूपे बदलत गेली. आज मॉरिशसवर मूळच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ६९० जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या २७०हून अधिक जाती फक्त तिथल्याच आहेत. तिथे वाघ नव्हता, शेळी नव्हती, उंदीरही नव्हता. पाला खाणारे मोठे जनावर म्हणजे महाकाय कासव, आणि फळे खाणाऱ्यांत वटवाघूळ, पाखरे आणि तो प्रसिद्ध डोडो.

या बेटांची माहिती अरबी खलाशांना युरोपीयांच्या आधी होती. १५०२ सालच्या कान्तिनो नावाच्या पोर्तुगीज नकाशात ही तीन बेटे दीना अरोबी, दीना मार्गाबीन, दीना मोराझे अशा नावांनी दाखवली आहेत. ही नावे उघडच अरबी दर्यावर्दींच्या तोंडून आलेली. अरब तिथे वस्तीला राहिले नाहीत. डच १५९८ साली उतरले, त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिट्सचे नाव दिले आणि १६३८ मध्ये पहिली वसाहत केली.

डचांचा डोळा होता आबनुसावर. आबनूस म्हणजे तो काळाभोर, लोखंडासारखा जड लाकूडगाभा. विदर्भात ज्याच्या पानांची विडी वळतात तो तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी, याच आबनुसाच्या प्रजातीतली. मॉरिशसच्या किनाऱ्यावर आबनुसाची दाट वने होती. डचांनी ती तोडून जहाजे भरली. १६३९ साली जावा बेटातून त्यांनी हरणे आणली आणि ऊसही आणला. जहाजांबरोबर उंदीर, डुकरे, शेळ्या, माकडे आली. डोडो १७व्या शतकातच संपला. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले.

जंगलावरचा सर्वांत मोठा घाव मात्र साखरेने घातला. १९व्या शतकात सखल भागातले जंगल जवळजवळ सगळे उसाखाली गेले. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मळ्यांना हात हवेच होते, म्हणून १८३४पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. १९२०पर्यंत जवळपास पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तोच आजचा आप्रवासी घाट. त्यांत बिहारचे हिंदू होते, मुसलमान होते, तमिळ-तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणचे मराठीही होते. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तिथे मराठी म्हणवतात. या माणसांनी रानातले काळे दगड उचलून रचले आणि ऊस लावला. जंगल त्यांच्या हाताने साफ झाले असले, तरी हुकूम त्यांचा नव्हता आणि नफाही त्यांचा नव्हता, हे इतिहास लिहिताना विसरता कामा नये.

आज मॉरिशसच्या मुख्य बेटावर चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्केही उरलेले नाही.

प्वाव्र साहेबांची बाग

झाडे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेण्याची विद्या या बेटाला नवी नव्हती. उलट हे बेट त्या विद्येचे मोठे केंद्रच होते. १७६७ मध्ये पिएर प्वाव्र नावाचा फ्रेंच अधिकारी बेटाचा कारभारी होऊन आला. प्वाव्र या शब्दाचा फ्रेंचमधला अर्थ काळी मिरी. नावाप्रमाणेच त्याला मसाल्याचे वेड होते. जायफळ आणि लवंग यांच्यावर तेव्हा डचांची मक्तेदारी होती आणि ते मोलुक्का बेटांबाहेर रोप जाऊ देत नसत. प्वाव्रने माणसे पाठवून १७७०च्या सुमारास ती रोपे गुपचूप आणवली आणि पॅम्पलमूस गावच्या बागेत लावली. ती बाग आजही प्रेक्षणीय आहे. या बेटांच्या वाटेनेच लवंग पुढे ओमानी अरबांच्या झांझिबारला पोचली आणि झांझिबारची सारी दौलत तिच्यावर उभी राहिली.

याच प्वाव्रने १७६९ मध्ये जंगल राखण्याचा नियमही केला होता. प्रत्येक जमीनदाराने आपल्या जमिनीचा एक चतुर्थांश भाग, विशेषतः डोंगरउतारावरचा, झाडीखाली ठेवावा असा तो नियम होता. झाडे गेली की पाऊस आणि माती दोन्ही जातात, हे त्या काळच्या काही फ्रेंच अधिकाऱ्यांना या छोट्या बेटावर डोळ्यांनी दिसले होते. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५च्या आपल्या ग्रंथात पर्यावरणाच्या राजकारणाची सुरुवात शोधताना मॉरिशसला फार महत्त्वाचे स्थान दिले आहे, ते यामुळेच.

पण नियम कागदावर राहिला आणि बाहेरून आणलेली झाडे जमिनीवर पसरली. ब्राझीलचा लहान लाल पेरू, श्रीलंकेकडचे प्रिव्हेट नावाचे झुडूप, मादागास्करची रावेनाला केळ, हे सारे कधी शोभेला तर कधी फळाला आणलेले पाहुणे. ते उरल्यासुरल्या जंगलात घुसले आणि त्यांनी मूळच्या रोपांना वाढायला जागाच ठेवली नाही. म्हणजे झाडे हलवण्याच्या ज्या हौसेने बेटाचे जंगल पोखरले, तीच विद्या पुढे त्याच जंगलाला वाचवण्यासाठी वापरावी लागली. फरक होता तो नियतीत. प्वाव्रने झाड आणले ते मालकीसाठी. नंतरच्या लोकांना ते नेऊन परत द्यायचे होते.

रस्त्याकडेचे एकटे झाड

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज हे त्याच देशाचे लहान बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ११० चौरस किलोमीटर. १६९१ मध्ये फ्रान्स्वा लेगा नावाचा धर्मछळाने घर सोडलेला फ्रेंच प्रोटेस्टंट काही साथीदारांसह तिथे दोन वर्षे राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की, कासवांचे कळप इतके दाट असत की जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून चालत जाता यावे. पुढे शंभर वर्षांत जहाजांनी ती कासवे मांसासाठी भरून नेली आणि १८व्या शतकाच्या अखेरीस ती संपली. झाडीही गेली. १८७४ मध्ये शुक्राचे सूर्यावरून होणारे अधिक्रमण पाहण्यासाठी इंग्रजांची तुकडी रॉड्रिग्जला आली. तिच्याबरोबर आयझॅक बेली बाल्फोर हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने बेटाच्या वनस्पतींची नोंद केली. त्याने गोळा केलेल्या जातींत कॉफीच्या कुळातले, पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे एक झुडूप होते. लोक त्याला काफे मारों म्हणत, म्हणजे रानकॉफी.

मारों हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मळ्यातून पळून डोंगरात लपलेल्या गुलामालाही त्या बेटांवर मारोंच म्हणत. रानटी झाड आणि पळालेला गुलाम, दोघांना एकच नाव. धन्याच्या हिशेबात जे बसत नाही ते सगळे मारों!

विसाव्या शतकात काफे मारों कुणाला दिसेना. ते नष्ट झाले असे धरले गेले. मग १९८०च्या सुमारास रॉड्रिग्जच्या एका शाळेत शिक्षकांनी मुलांना बेटावरची दुर्मीळ झाडे शोधायला सांगितले. एका विद्यार्थ्याने घराजवळच्या झाडाची फांदी आणून दिली. नमुना लंडनच्या क्यू उद्यानात गेला आणि ते काफे मारोंच ठरले. साऱ्या जगात एकच झाड, तेही रस्त्याच्या कडेला.

बातमी पसरली आणि झाडाचे हाल सुरू झाले. गुप्तरोगावर आणि दारूच्या उताऱ्यावर हे झाड औषध आहे अशी लोकांत समजूत होती. जो तो फांदी तोडून नेऊ लागला. झाडाभोवती कुंपण घातले, तर कुंपणामुळेच ते फार गुणकारी असावे असे लोकांना वाटू लागले. कुंपणाबाहेर कुंपण घालावे लागले.

या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दवाखाना दूर असलेल्या गरीब माणसाने औषधासाठी फांदी तोडणे आणि साखरेच्या पैशासाठी अख्खे जंगल साफ करणे, या दोन गुन्ह्यांचे वजन सारखे नाही. इतिहासात मात्र पहिला ठळक दिसतो आणि दुसऱ्याला प्रगती म्हणतात.

१९८६ मध्ये त्या झाडाच्या फांद्या कलमासाठी विमानाने क्यू उद्यानात नेल्या गेल्या. कलम जगले, वाढले, फुलांनी भरून गेले. पण फळ धरेना. फूल यायचे आणि गळून जायचे. अशी सतरा वर्षे गेली. कलमाने एका झाडाची दहा झाडे होतात, पण ती सारी त्याच एका झाडाची नक्कल असतात. बियांतून होणारी नवी पिढी नाही, तर वंश पुढे सरकत नाही.

२००३ मध्ये कार्लोस माग्दालेना या क्यूमधल्या बागकाम करणाऱ्या तज्ज्ञाने हट्ट धरला. फुलाची कुक्षी, म्हणजे पराग जिथे पडायला हवा तो भाग, पात्याने कापून त्या जखमेवर पराग ठेवण्याचा प्रयोग त्याने पुन्हापुन्हा केला. असंख्य फुले वाया गेली आणि अखेर फळ धरले. बिया मिळाल्या, त्यांतून रोपे झाली. त्या रोपांची कोवळी पाने लांब, अरुंद आणि मळकट रंगाची, मोठ्या झाडाच्या हिरव्यागार पानांपेक्षा अगदी वेगळी. त्याचा खुलासा असा केला जातो की, कासवाच्या तोंडाच्या उंचीवर असेपर्यंत रोप आपले पान लपवते. कासवे संपून दोनशे वर्षे झाली, तरी झाड अजून त्यांच्यापासून लपते आहे.

पुढच्या वर्षांत बिया रॉड्रिग्जला परत पाठवण्यात आल्या. तिथल्या रोपवाटिकेत त्या उगवल्या आणि काफे मारोंची तरुण झाडे पुन्हा आपल्या मातीत उभी राहिली. ज्या बागेने झाड नेले, तिनेच ते परत केले. नेण्यापासून परत देण्यापर्यंत दोन दशकांहून अधिक काळ गेला.

सांभाळले, पण परत करता आले नाही

प्रत्येक अमानत अशी सुखरूप परतत नाही. अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटाचे उदाहरण इथे आठवते. नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले होते तेच हे बेट. तिथल्या रानऑलिव्हचे शेवटचे एक झाड १९७७ मध्ये सापडले. ते रानातले झाड १९९४ मध्ये मेले. त्याची रोपे वाढवलेली होती, पण बुरशीच्या रोगाने तीही एकेक करून गेली आणि २००३ मध्ये शेवटचे रोप मेले. ज्या वर्षी लंडनमध्ये काफे मारोंला फळ धरले, त्याच वर्षी ही दुसरी जात जगातून संपली. म्हणजे झाड कुंडीत आहे म्हणून ते वाचले असे नाही. एका रोगाची साथ, एका माळ्याची बदली, एका वर्षाचे बंद झालेले अनुदान, एवढ्यावरही सगळे जाऊ शकते.

मॉरिशसच्या क्यूरपीप शहरातल्या बागेत एक ताडाच्या कुळातले झाड आहे. त्याच्या जातीचे ते एकटेच उरल्याची नोंद आहे. त्याची नर फुले आणि मादी फुले वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे एकट्याने वंश वाढत नाही. प्रयोगशाळेत त्याचे भ्रूण वाढवण्याचेही प्रयत्न झाले. रोपे झाली, पण मातीत टिकली नाहीत. या झाडाभोवती रखवाली आहे, पाणी आहे, पाटी आहे. नाही ते फक्त जोडीदार.

आणि एक तिसरी गोष्ट, आपल्या अगदी अंगणातली. बॉटल पाम नावाचे बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचे झाड मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत मिळते. (आपल्याकडे रॉयल पामलाही पुष्कळ लोक बॉटल पाम म्हणतात, ते निराळे.) खरा बॉटल पाम मॉरिशसच्या उत्तरेकडच्या राउंड आयलंड या चिमुकल्या बेटाचा. जगभरच्या बंगल्यांत तो हजारोंनी आहे, पण मूळ बेटावर एके काळी पुरती वाढलेली दहाही झाडे उरली नव्हती. मग बंगल्यातली झाडे नेऊन बेटावर लावली तर? तसे करता येत नाही. बागेत शेजारी रॉड्रिग्जचा चुलतभाऊ पाम असतो आणि दोघांचा संकर सहज होतो. कुठले बी कुठल्या झाडाचे, याचा कागद नसेल तर ते बी परत पाठवण्याच्या कामाचे राहत नाही. अमानत ठेवताना चिठ्ठी लिहून ठेवावी, असे आपले जुने लोक सांगत, ते झाडांच्या बाबतीतही खरे आहे.

आधी घर, मग माणसे

राउंड आयलंड मॉरिशसपासून सुमारे बावीस किलोमीटरवर आहे आणि जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. तिथे उंदीर कधी पोचले नाहीत हे त्याचे भाग्य. पण १९व्या शतकात तिथे शेळ्या आणि ससे सोडले गेले. त्यांनी उगवणारे प्रत्येक रोप खाल्ले. मोठी लाकडी झाडे म्हातारी होऊन मेली आणि मागे नवी आलीच नाहीत. उघडी माती पावसाने समुद्रात गेली. तिथे नवी रोपे नेऊन लावणे म्हणजे सशांना जेवण वाढणे झाले असते. म्हणून आधी घर साफ केले. शेवटच्या शेळ्या १९७९पर्यंत हटवल्या, ससे १९८६मध्ये संपवले. मग ताडांची रोपे आपोआप उगवू लागली. हरिकेन पाम या जातीची रानातली झाडे तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. त्यांचे बी गोळा करून, रोपे वाढवून पुन्हा तिथे लावण्याचे काम झाले. २००२पासून बेटावर कामाची कायम वस्ती आहे. तिथे उतरणाऱ्याचे सामान, बूट, कपड्यांच्या शिवणीसुद्धा तपासल्या जातात, कारण बुटाच्या तळाला चिकटलेले एक गवताचे बी किंवा डब्यात शिरलेली एक मुंगी सगळ्या कष्टांवर पाणी फिरवू शकते.

दुसरे बेट आणखी जवळचे. माएबूर गावासमोरच्या खाडीत, किनाऱ्यापासून किलोमीटरच्या आत, इल ओ एग्रेत नावाचे सव्वीस हेक्टरांचे बेट आहे. डचांची पहिली वसाहत इथून हाकेच्या अंतरावर होती. मॉरिशसच्या किनारी आबनूसवनाचा शेवटचा तुकडा या बेटावर उरला. १९६५ मध्ये ते राखीव झाले आणि १९८०च्या दशकात मॉरिशन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेकडे आले. संस्थेने उंदीर संपवले, बाहेरचे तण उपटले, बेटावरच रोपवाटिका उभी केली आणि मुख्य भूमीवर ज्यांचे दिवस भरले होते अशा किनारी झाडांना तिथे जागा दिली. मुख्य बेटावरही अशीच सोय करावी लागली. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात काही तुकडे कुंपण घालून, हरणे-डुकरे बाहेर ठेवून आणि तण काढून सांभाळले जातात.

इल ओ एग्रेतवर एक अडचण मात्र रोपे लावून सुटेना. आबनुसाचे फळ थेट बुंध्यावर लागते आणि आईच्या पायाशीच पडते. दाट सावलीत ते रोप वाढत नाही. पूर्वी कासवे फळे खात आणि बी दूर टाकत. मॉरिशसची कासवे तर संपलेली.

इथे इतिहासातली एक जुनी अमानत कामाला आली. १८७४ मध्ये, म्हणजे बाल्फोर रॉड्रिग्जवर होता त्याच वर्षी, चार्ल्स डार्विन आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला अर्ज केला होता. सेशेल्सच्या पलीकडच्या अल्दाब्रा बेटावरची महाकाय कासवे संपण्याच्या वाटेवर आहेत, ती वाचवावीत अशी त्यात विनंती होती. अल्दाब्राची कासवे वाचली आणि मॉरिशसच्या बागांतही वाढली. २०००पासून ती इल ओ एग्रेतवर आणली गेली. त्यांनी आबनुसाची फळे खाल्ली, बेटभर फिरली, आणि जिथे आबनूस तोडून संपला होता तिथे त्यांच्या विष्ठेतून रोपे उगवली. पोटातून गेलेले बी अधिक चांगले उगवते, असेही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मेलेल्या कासवाचे काम परदेशी कासवाने केले. २००७पासून राउंड आयलंडवरही अशी कासवे सोडण्यात आली.

इथे जपून बोलावे लागते. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशीच एक कथा मांडली होती. मॉरिशसचे तांबालाकोक हे झाड, आपल्या मोह आणि चिकूच्या कुळातले, डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय उगवतच नाही, म्हणून डोडोबरोबर तेही मरणपंथाला लागले, असे त्याचे म्हणणे. कथा इतकी देखणी होती की जगभर छापली गेली. नंतर इतरांनी दाखवून दिले की बी डोडोशिवायही उगवते आणि तरुण झाडेही आहेत. खरे संकट आहे माकडे, डुकरे, तण आणि तोड यांचे. सुंदर गोष्ट खरीच असते असे नाही, हा धडा इतिहासकारानेही गिरवण्यासारखा आहे.

तेलाचा दिवस

२५ जुलै २०२० रोजी वाकाशियो नावाचे मोठे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळखडकावर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातले तेल गळू लागले. सुमारे हजार टन काळे तेल खाडीत पसरले आणि इल ओ एग्रेतच्या किनाऱ्याला लागले. तेव्हा बेटावरच्या रोपवाटिकेतली हजारो रोपे होड्यांत भरून मुख्य भूमीवर हलवावी लागली. किनाऱ्यावर माएबूरचे लोक, सगळ्या धर्मांचे, उसाची पाने आणि कापड भरून तरंगते बांध शिवत बसले होते. तेल अडवायला तेच हाताशी होते. ज्या उसासाठी जंगल गेले, त्याच उसाचा पाला त्या दिवशी उरलेल्या जंगलाच्या रक्षणाला आला. ज्यांना दीडशे वर्षांपूर्वी हुकुमाने रान साफ करायला लावले, त्यांचीच लेकरे आपणहून धावून आली होती.

त्या प्रसंगाने एक गोष्ट दाखवून दिली. चाळीस वर्षांचे काम एका आठवड्यात बुडू शकते. म्हणून अमानत एकाच घरात ठेवू नये. बागेत, बियाण्यांच्या पेढीत, दोन-तीन बेटांवर अशी वाटून ठेवावी. पण तिचे खरे ठिकाण रानच आहे, हेही विसरू नये.

हिशेब

एवढा खर्च एका झुडपासाठी कशाला, असे कुणीही विचारील. गरीब देशात माणसांचे प्रश्न थोडे आहेत का? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर रॉड्रिग्जवरच मिळते. तिथे पुन्हा झाडी लावली गेल्यावर बेटावरची वार्बलर नावाची लहानशी पाखरे, जी १९७०च्या दशकात काही डझनच उरली होती, ती वाढून हजारोंवर गेली. झाड एकटे परतत नाही. पाखरे, कीटक, माती, सावली, ओलावा, रोपवाटिकेतला रोजगार, सारे त्याच्यामागून येते.

दुसरे उत्तर न्यायाचे आहे. ही बेटे ज्यांनी लुटली ते लुटून गेले. मागे राहिले ते गुलामांचे आणि मजुरांचे वंशज. ते स्वतः दुसऱ्या मुलखातून उपटून आणलेले लोक, आणि तेच आज उपटल्या गेलेल्या झाडांना परत मुळे धरायला मदत करत आहेत. त्या झाडांना त्यांनी नाकारले असते तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी ती आपली मानली.

आबनूस फार सावकाश वाढतो. आज रोप लावणाऱ्याला त्याचा काळा गाभा पाहायला मिळणार नाही, त्याच्या नातवालाही कदाचित नाही. तरी इल ओ एग्रेतवर दर पावसाळ्यात रोपे लावली जातात, प्रत्येकाची नोंद वहीत होते, कुठले बी, कुठल्या झाडाचे, कुणी लावले. अमानत ज्याची त्याला पोचेपर्यंत चिठ्ठी जपायची असते. ती वही पुढच्या माणसाच्या हाती नीट जाते की नाही, यावरच त्या झाडांचे पुढचे नशीब अवलंबून आहे.